सात गाठींची काठी

पाडव्याला दोन दिवस उरलेत. कर्जतला गाडी बदलून तुम्ही खोपोली लोकलनं पळसदरीला उतरता आणि रूळ मागे टाकून डोंगराच्या अंगानं चालू लागता. पळसदरी, म्हणजे पळसांची दरी. फाल्गुन सरत आलाय, बराचसा फुलोरा झाडाखाली सांडलाय. तरी एखाद्या उघड्या फांदीवर तो रंग अजून तगून आहे. त्याला नाव शोधावं लागत नाही. भगवा.

कर्जत-खालापुरात ठाकूरवाड्या अनेक. डोंगराची सोंड जिथं जराशी सपाट होते, तिथं ठाकरांची दहा-वीस घरं बसतात आणि खालचं गाव त्यांना ठाकूरवाडी म्हणू लागतं. तुम्ही शिरता त्या वाडीत काही घरं विटांची, पत्र्याची झालीत. काहींचे कूड अजून कारवीचे आहेत, शेणामातीनं लिंपलेले. एका अंगणात एक म्हातारबाबा काठ्या तासत बसलेत. कमरेच्या आकडीत एरवी असतो तो कोयता आता हातात आहे.

तुम्हाला गुढीसाठी काठी हवी आहे. बाबा एक सरळ वेळू काढून देतात. भाव ऐकून तुम्ही सवयीनं म्हणता, “एवढ्याशा काठीचे एवढे?”

बाबा चिडत नाहीत. “अंधाऱ्या पाखात तोडलीय, दादा. हिला कीड लागायची नाय. चुलीवरच्या माळ्यावर धूर दिलाय. सात गाठी हायेत. धर तरी हातात, मग बोल.”

तुम्ही काठी धरता. हात सगळ्यांत खालच्या गाठीवर पडतो.

पहिली गाठ

पायाखालची वाट तीच राहते, पण डांबर नाहीसं होतं. घाट चढणारी पाऊलवाट आहे, कार्तिकाची थंडी आहे. टाळ ऐकू येतात आणि मग झाडीतून पताका दिसायला लागतात. कोकणातून निघालेली दिंडी आळंदीला चाललीय. किती शतकं मागे आलात, हे विचारायला कुणी थांबत नाही.

सर्वांत पुढे पताकावाले. कापड साधं, गेरूत बुडवलेलं. हा मातीचा रंग आहे. घाटाच्या वाटेवरची धूळ ह्या पताकेवर बसली तरी ती मळकी दिसत नाही, कारण दोघींचं कूळ एकच. संन्यासी अंगावर घेतो तेच हे कापड. घरदार सोडल्याची खूण. पण वारकरी घरदार सोडत नाही. तो वर्षातून काही दिवस चालतो आणि परत येऊन नांगर धरतो. मराठी मुलखात ह्या रंगाला जो अर्थ चिकटला तो हाच: संसारात राहून काहीतरी सोडायची तयारी.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्यात ‘गुढी’ हा शब्द येतो तो उभारलेल्या विजयध्वजाच्या अर्थानं. तुम्ही पाडव्याला दारात उभारता ती गुढी म्हणजे घराघराचा झेंडाच.

पताका घेतलेला पोरगा दमलाय. तो काठी खांदापालट करून दुसऱ्याच्या हाती देतो. चालणारी माणसं बदलतात, पताका थांबत नाही.

दुसरी गाठ

माघातली सकाळ. तुम्ही कुरवंड्याच्या घाटाखाली, चावणीजवळच्या रानात पोटावर पडून आहात. २ फेब्रुवारी १६६१. खाली एक चिंचोळी वाट आहे, दोन्ही बाजूंना दाट झाडी. ही उंबरखिंड.

पुण्यात शाहिस्तेखान ठाण मांडून बसलाय. त्यानं कारतलबखानाला कोकणात उतरायला धाडलंय. लोणावळ्याकडून नागफणीच्या बाजूनं उतरलेली ती प्रचंड फौज आता खिंडीत शिरते आहे. हत्ती, उंट, बैल, तोफा, आणि त्यांची निशाणं. खान निशाणं फडकावत येतो, म्हणून तो कुठपर्यंत आला हे झाडावर बसलेल्या पोरालाही कळतं.

तुमच्या बाजूचं निशाण मात्र तुम्हाला कुठं दिसत नाही. तुम्ही मान वळवून शोधता. शेजारचा माणूस तुमच्या खांद्यावर हात दाबतो: खाली राहा. त्याचं नाव कुठल्या कागदात सापडायचं नाही. त्याला प्रत्येक ओहोळ पाठ आहे, कुठली करवंदीची जाळी माणूस लपवते आणि कुठली ओरबाडते हे ठाऊक आहे. झेंडा त्याच्या हातात नाही, तरी स्वराज्याचं जे काही ह्या रानात आहे ते ह्या क्षणी त्याच्यापाशी आहे.

मग नगारे वाजतात. पुढची वाट बंद, मागची बंद. बाण, गोळ्या, दगड. खिंडीत अडकलेल्या फौजेला पाणी मिळत नाही, वळायला जागा नाही. खानाबरोबर आलेली वऱ्हाडची रायबागन त्याला स्पष्ट सांगते, ह्या वाटेनं येण्यातच चूक झाली, आता शरण जा. खान खंडणी कबूल करतो. शिवाजीमहाराज त्याला जिवंत जाऊ देतात. सामान मात्र खिंडीत राहतं.

मागे टाकलेल्या त्या सामानात शत्रूची निशाणंही आहेत, धुळीत पडलेली. तुमच्या शेजारचा माणूस त्यातली एक उचलतो, कापड सोडवून टाकतो आणि काठी हातात तोलून बघतो. चांगली आहे. तो ती घेऊन डोंगर चढू लागतो.

तिसरी गाठ

आता तुम्ही रायगडावर आहात. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ६ जून १६७४. दरबारात गर्दी इतकी की खांद्याला खांदा घासतोय. तुमच्यापुढे इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन उभा आहे, बरोबर दुभाषी नारायण शेणवी. महाराजांचं लक्ष जावं म्हणून नारायण शेणवी नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरतो.

ऑक्झेंडन बारकाईनं बघतोय. तो बघतोय ते तुम्हीही बघा. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाले उभे आहेत. उजवीकडच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची तोंडं. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या. आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा, हे परमुलखातून आलेल्या ऑक्झेंडनलाही कळतं आणि तो ते लिहून ठेवतो. मासा म्हटलं की समुद्र आठवतो; सिंधुदुर्ग बांधणाऱ्या राजाला तो शोभतो. शेपट्या घोड्यांच्या, ज्यांच्यावर हे राज्य दौडत आलं.

भगव्या झेंड्याबद्दल आख्यायिका पुष्कळ. महाराजांनी राज्य समर्थ रामदासांच्या झोळीत टाकलं आणि समर्थांनी ते परत देताना आपल्या छाटीचं कापड निशाण म्हणून दिलं, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफनं १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात भगव्या झेंड्याचं वर्णन आहे: गडद नारिंगी, टोकाशी दुभंगलेला. त्या दोन टोकांत कुणाला अग्नीच्या ज्वाळा दिसतात. आख्यायिका खरी धरा किंवा नका धरू, तिचा आशय मराठी मनानं जपला आहे: राज्य आपलं नाही, आपण फक्त सांभाळतो.

तराजूकडे पुन्हा एकदा बघा. तो अंतराळी नाही. तो भाल्यावर आहे, आणि भाला एका माणसाच्या मुठीत.

चौथी गाठ

पुणे. ५ नोव्हेंबर १८१७. बापू गोखल्यांची फौज इंग्रजांवर खडकीकडे निघालीय. दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई बघणार आहेत.

आज फौजेपुढे जरीपटका आहे. जर म्हणजे सोन्याची तार. सोनेरी जरीचं हे दुटोकी निशाण छत्रपतींच्या वतीनं सेनापतीपुढे, पेशव्यांपुढे चालत आलं. जुन्या मराठीत निशाणाला ‘ढाल’ही म्हणत. ज्या हत्तीवर निशाण असे तो ढालगज. धीट बाईला आजही ‘ढालगज भवानी’ म्हणतात, तेव्हा ते लढाईतल्या निशाणाच्या हत्तीचंच नाव तोंडी येतं. गडावर झेंडा लागे ती ढालकाठी. पानिपताच्या रणातही जरीपटका होता.

फौज शहराबाहेर पडते आहे. तेवढ्यात एक आवाज होतो. मोठा नाही, वाळकी फांदी मोडावी तेवढाच. जरीपटक्याची काठी मोडली.

पुढचे थबकतात. कुणी काही बोलत नाही, पण बातमी घोड्याघोड्यावरून मागे सरकते आणि तुम्ही चेहरे बदलताना बघता. अपशकुन. काठी दुसरी मिळते, कापड शाबूत आहे, तरी काहीतरी निसटलेलं आहे. दुपारी मोरो दीक्षित जरीपटका घेऊन हल्ला चढवतात आणि रणातच पडतात. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, बाळाजीपंत नातू शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवतात. पुढच्या वर्षी तुमच्या ठाकूरवाडीच्या माथ्यावरचा राजमाचीही लढाईविना इंग्रजांकडे जातो.

लोक म्हणाले, काठी मोडली म्हणून राज्य गेलं. पण अंधाऱ्या पाखात तोडलेली, धुरावर मुरलेली काठी हातात धरून उभे असताना तुम्हाला दुसरंच वाटतं. चांगली काठी एका दिवसात मोडत नाही. तिला आतून कीड लागलेली असते, वर्षानुवर्षं. वर जरीचं कापड लखलखत असतं, म्हणून कुणी खाली बघत नाही.

पाचवी गाठ

शिटी. वाफेचा ढग. तुम्ही पुन्हा घाटात आहात. १८६३, बोरघाटातून आगगाडी सुरू झालीय. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यानंतर थोड्याच काळात वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते काम पुढे नेलं. डोंगर फोडता फोडता पटकीनं आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. त्यांच्यासाठी कुठं निशाण उतरवलं गेलं नाही.

ह्या घाटातल्या एका ठाण्याचं नावही ठाकूरवाडी. आजही मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या तिथं ब्रेक तपासायला थांबतात. प्रवासी खिडकीतून बाहेर बघतो, गाडी का थांबली ते त्याला कळत नाही.

रुळाशी एक माणूस उभा आहे, हातात हातभर काठी, तिला लाल फडकं. ह्या निशाणाला वंश नाही, आख्यायिका नाही. त्याचा अर्थ एवढाच: थांब, पुढे माणसं आहेत. धडधडत आलेलं इंजिन त्या फडक्यापुढे थांबतं. एवढा सरळ अर्थ असलेला झेंडा तुम्ही आजच्या प्रवासात पहिल्यांदा बघता.

सहावी गाठ

अंधार. १९४२ चा पावसाळा सरतोय. ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी तिरंगा फडकवला. त्यावर चरखा आहे. काँग्रेसनं १९३१ मध्ये स्वीकारलेला हा झेंडा. तो हातात घेऊन रस्त्यावर आलेल्यांच्या पाठीवर लाठ्या पडतात. लाठीसुद्धा वेळूचीच. एकाच बेटातून निघालेल्या दोन काठ्या, एक झेंड्याला, एक झेंडेवाल्याला.

तुम्ही विठ्ठल लक्ष्मण कोतवालांच्या माणसांत आहात. सगळे त्यांना भाई म्हणतात. १९१२ मध्ये माथेरानला नाभिक कुटुंबात जन्म, शिकून वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आले. पण ह्या डोंगरांतली माणसं त्यांना ओळखतात ती शाळांमुळे आणि धान्यकोठ्यांमुळे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेतकरी, आदिवासी सावकाराच्या दारी जाई आणि पुढचं पीक गहाण टाकून येई. भाईंनी कोठ्या उभ्या केल्या, तिथून धान्य मिळू लागलं. रानात लपलेल्या ह्या माणसांना आज भाकरी पोचते आहे ती त्या कोठ्यांच्या आठवणीवर.

खोपोली आणि भिवपुरीची वीज मुंबईच्या कारखान्यांना जाते, आणि ते कारखाने युद्धाचा माल बनवतात. म्हणून भाईंचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडतोय. करवतीचं पातं पोलादावर घासल्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. मग तो उंच सांगाडा हळूच झुकतो आणि दरीत कोसळतो.

२ जानेवारी १९४३. सिद्धगडाच्या रानात पहाटे पोलिसांनी घेरलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. भाईंचं वय तीस. तुम्ही बघता, त्यांच्या हातात त्या वेळी झेंडा नाही. उंबरखिंडीतल्या त्या माणसाच्या हातातही नव्हता.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीनं राष्ट्रध्वज स्वीकारला, चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. त्या चर्चेत सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ सांगितला. हिरवा, आपलं मातीशी आणि झाडझाडोऱ्याशी असलेलं नातं. भगवा, त्याग: पुढाऱ्यांनी स्वतःच्या लाभाकडे पाठ फिरवून कामाला वाहून घ्यावं. घाट चढणाऱ्या वारकऱ्याच्या पताकेचा अर्थ दिल्लीच्या सभागृहात असा पोचला.

सातवी गाठ

वरची गाठ धरायला हात उंच करावा लागतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. राज्याचा वेगळा अधिकृत ध्वज नाही. वर तिरंगा, आणि मनात भगवा. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलाचा नवा ध्वज फडकला, त्यातला निळा अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. तुम्ही ती बातमी अभिमानानं वाचली होती. तो अभिमान खरा आहे, तो सोडू नका. फक्त आता खाली बघा.

१९ जुलै २०२३ ची रात्र. इथून फार लांब नाही, खालापुरातच, चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी. हीही ठाकरांचीच वाडी. पाऊस दिवसभर कोसळतोय. माणसं जेवून झोपलीत. डोंगराचा कडा सुटतो आणि घरांवर येतो. गाडीरस्ता नाही, त्यामुळे मदतीला येणारे चिखलातून, अंधारातून, पायी चढताहेत. यंत्रं वर नेता येत नाहीत. माती फावड्यानं आणि हातांनी उपसावी लागते. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत.

तुम्ही काठी घट्ट धरता, आणि ती अचानक जड होते. तिच्या मध्यावर चादरीची झोळी बांधलेली आहे. काठीचं एक टोक तुमच्या खांद्यावर, दुसरं पुढच्या माणसाच्या. झोळीत कुणीतरी कण्हतंय. रस्ता नसलेल्या वाड्यांतून आजारी माणूस, अडलेली बाळंतीण अशीच खाली येते, ह्याच वेळूवर. पाय घसरतो, पुढचा माणूस मान न वळवता म्हणतो, “सावकाश, दादा. झोका लागू देऊ नको.”

गेरूची पताका, भाल्यावरचा तराजू, जरीपटका, लाल फडकं, चरखा: आज काठीवर पाहिलेलं सगळं तुमच्या डोळ्यांपुढून जातं. ह्या चादरीलाही तुम्ही त्याच रांगेत ठेवता. राज्य आपलं नाही, आपण फक्त सांभाळतो, असं ज्या रंगानं शिकवलं, त्याची परीक्षा गडाच्या माथ्यावर होत नाही. ती ह्या उतारावर होते. वाडीपर्यंत रस्ता गेला का, दरड सुटण्याआधी माणसं हलवली का, हा त्या तराजूचा प्रश्न आहे, आणि तो अजून भाल्याच्या टोकावर झुलतो आहे.

अंगण

ऊन वर आलंय. म्हातारबाबा दुसरी काठी तासायला घेऊन बसलेत. तुमच्या तळव्यावर सातव्या गाठीचा वळ उमटलाय.

“बरी वाटली का?” बाबा विचारतात.

तुम्ही भावाचं पुढे काही बोलत नाही. सांगितले तेवढे पैसे त्यांच्या हातात ठेवता, आणि मघाच्या बोलण्याची लाज वाटते म्हणून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसता. घरातून पाण्याचा तांब्या येतो. वाडीपर्यंत गाडी कधी येणार, पोरं शाळेला कुठल्या वाटेनं जातात, पावसाळ्यात वरच्या कड्यातून दगड येतात का, हे तुम्ही विचारता. बाबा कोयता खाली ठेवतात आणि सावकाश, एकेक सांगू लागतात. लोकल चुकते. पुढची येईल.

पाडव्याला सकाळी तुमच्या बाल्कनीत गुढी उभी राहते. खण, कडुलिंब, साखरेची गाठी, वर पालथा तांब्या. येणारे-जाणारे कापडाची तारीफ करतात. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत तुम्ही गुढी उतरवता. खण घडी करून कपाटात जातो, तांब्या देव्हाऱ्यात, कडुलिंब कुंडीत. हातात काठी उरते.

दर वर्षी ती जिन्याखाली टाकली जायची. ह्या वर्षी तुम्ही ओल्या फडक्यानं ती पुसता, गाठ गाठ, खालून वर. सातव्या गाठीशी हात थांबतो. मग कोरड्या जागी, भिंतीला टेकवून, ती उभी ठेवता.